बाबा बसले

आमच्या ऑफिसात त्याला सगळे हजेरीमास्तर म्हणायचे, आणि ते काही प्रेमाने नव्हे. कोण किती वाजता कॉम्प्युटरवर लॉगिन झालं, कधी लॉगआउट झालं, हे टिपणारी सर्व्हिस त्याने लिहिली होती. ती पडद्यामागे गपचूप चालायची, वापरणाऱ्याला दिसायचीही नाही. हुकूम साहेबांचा, शिव्या मात्र याच्या वाट्याला. शिव्या देण्यात मीही मागे नव्हतो.

"मी माणूस बघत नाही रे," तो म्हणायचा. "कोणी आत आलं, बाहेर गेलं, एवढंच मला कळतं."

त्याचे वडील दुसऱ्या शहरात एकटे राहायचे. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला, महाहट्टी म्हातारा. रोज फोन केला की खेकसायचे, "मी जिवंत आहे का बघायला फोन करतोस होय?"

शेवटी बापलेकात तह झाला. म्हातारा रोज सकाळी कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायचा. यानं तीच सर्व्हिस तिथं बसवली. लॉगिन झालं की याच्या स्क्रीनवर ओळ यायची, 'बाबा बसले.' दुपारी मशीन बंद केलं की 'बाबा उठले.' फोन बंद झाले.

मशीनचं बटण टेबलाखाली होतं आणि म्हाताऱ्याची कंबर वाकत नव्हती. म्हणून यानं अशी सोय केली की भिंतीवरचा स्विच लावला की मशीन आपोआप सुरू व्हावं. पासवर्ड ते विसरायचे, तर तोही काढून टाकला. स्विच लावला की थेट आत. पोटच्या पोराची माया, दुसरं काय!

त्या रविवारी 'बाबा बसले' आलं, पण 'उठले' काही आलं नाही. डाव रंगला असेल, असं त्याला वाटलं. सोमवारी सकाळी पुन्हा 'बाबा बसले.' मी त्याच्या खांद्यावरून डोकावून म्हणालो, "म्हातारा ठणठणीत आहे की!" तो हसला. मंगळवारी परत तीच ओळ.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता त्याचा हात थांबला. "तीनदा बसले," तो म्हणाला, "आणि मध्ये एकदाही उठले नाहीत." मधली नोंद गळली म्हणजे वीज गेली होती, हे त्यानेच आम्हाला शंभरदा शिकवलं होतं. वीज अचानक गेली की लॉगआउटची नोंद होतच नाही. वीज आली की मशीन आपलं आपण सुरू होतं. समोर माणूस लागतच नाही.

म्हातारा रविवारीच डाव अर्धा टाकून पाणी प्यायला उठला होता आणि स्वयंपाकघरात कोसळला होता. डॉक्टर म्हणाले, सोमवारी दुपारपर्यंत श्वास चालू असावा.

म्हाताऱ्याच्या शेजारच्या काकू मात्र मला आजही आठवतात. अंत्यविधीला मी गेलो होतो. पदर तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी डोकवायचे हो. त्यांनीच बंद केलं. म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता, माझा मुलगा रोज बघतो मला." हे त्याच्यासमोर बोलायला नको होतं. पण त्या बिचाऱ्यांना काय माहीत?

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. मी शेजारीच बसलो होतो. त्या घरातला स्विच बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सकाळी तिकडे वीज आली असणार, कारण स्क्रीनवर ओळ उमटली. 'बाबा बसले.'

"काढून टाक रे ते," मी म्हणालो.

"काढतो," तो म्हणाला. मग त्यानं टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि बाबांच्या घरचा नंबर फिरवला. तिकडे घंटा वाजत होती, मलाही ऐकू येत होती. ती आपोआप बंद होईपर्यंत त्यानं रिसीव्हर कानाशी धरून ठेवला.