चौथ्यांदा उसवायचं नाही

वाकडी शिलाई दिसली की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. कुणाकडे चहाला गेले तरी समोरच्याची कॉलर बघून त्यांचा चहा कडू व्हायचा.

आणि आज वाढदिवसाला बायकोनं हातात ठेवला तो तिनं स्वतः शिवलेला शर्ट! कालपरवापर्यंत जिला मशीनमध्ये दोरा ओवता येत नव्हता, तिनं! दोन महिने रोज दुपारी ही बहिणीकडे का पळते म्हणून मास्तर कुरकुरत होते, ते हे होतं तर.

शर्ट म्हणजे सगळा आनंदीआनंद होता. एक बाही आखूड, आणि जुना शर्ट पालथा ठेवून माप घेतल्यामुळे बटणं बायकांच्या कपड्यांसारखी डाव्या बाजूला. मास्तरांचा हात सवयीनं कात्रीकडे गेला. मग त्यांनी कॉलर उजेडात धरली आणि ते थबकले. शिलाईशेजारी सुईच्या बारीक भोकांच्या आणखी तीन रांगा होत्या.

"द्या, तुम्हीच उसवून नीट करा," बायको तोंड पाडून म्हणाली.

"तीनदा उसवलीस ना कॉलर? आता चौथ्यांदा कोणी हात लावायचा नाही."

"अगं बाई! बहिणीनं चुगली केली वाटतं?"

"तिची काय गरज? मी शिंपी आहे," म्हणत मास्तरांनी शर्ट अंगात घातला, आणि उलट्या हातानं बटणं लावत ते गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानाकडे ऐटीत निघाले.