बुरशीचं टेबल

माझी धाकटी जाऊ एकतीस वर्षं एका संशोधन संस्थेच्या भांडारात होती. काचेच्या बाटल्या, नळ्या, बशा मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. सगळे तिला बाटलीबाई म्हणत. फोनवर तीही "बाटलीबाई बोलतेय" असंच सांगे. निवृत्त झाल्यावर संस्थेने विज्ञान महोत्सवातली टेबलं तिच्याकडे सोपवली, जिथे संशोधक येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपलं काम समजावून सांगतात. कारण साधं होतं. सगळे संशोधक तिला घाबरत.

तिची एक पद्धत होती. महोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात ती एकेकाला आमच्या स्वयंपाकघरात बोलावी आणि मटार सोलता सोलता म्हणे, "हं, सांग." समजत असेल तोवर हात चालत. समजेनासं झालं की हात थांबत, आणि समोरच्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एक गृहस्थ सकाळी सव्वादहाला बसले ते पाऊण वाजता उठले. तोवर वाटीभरसुद्धा मटार झाले नव्हते.

यंदा मात्र तिची झोप उडाली होती. संचालकांनी बजावलं होतं, "बाई, लोक येतात ते जादूसारखे प्रयोग बघायला. तुमच्या टेबलांशी कोणी थांबत नाही. यंदाही तसंच झालं, तर पुढच्या वर्षीपासून टेबलं बंद." तिची सगळी भिस्त होती बुरशीवर काम करणाऱ्या एका मुलीवर. त्या मुलीने स्वयंपाकघरात एकदाही तिचे हात थांबू दिले नव्हते.

शनिवारी मीही तिच्याबरोबर गेले. दहाला दारं उघडली. साडेअकरा झाले तरी बुरशीच्या टेबलाशी कोणी उभं राहिलं नव्हतं. लोक यायचे, बघायचे आणि वळसा घालून पुढे जायचे.

"मावशी, माझं काही चुकतंय का?" मुलीने विचारलं.

"तुझं कशाला चुकेल? लोकांचंच डोकं फिरलंय," जाऊ म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात एक आजोबा नातीला मागे ओढत ओरडले, "अगं, लांब हो! लिहिलेलं वाचता येत नाही का?"

जाऊने वाकून पाहिलं. टेबलाच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत कागद होता: दूषित नमुने. जवळ येऊ नये. हात लावू नये.

"हा कोणी लावला?"

"मी," मुलगी म्हणाली. "नमुन्यांची पेटी बाहेर निघाली की तिच्याबरोबर कागद गेलाच पाहिजे, असा भांडाराचा नियम आहे ना? तुम्हीच केलेला."

तो खरंच तिचा नियम होता. त्या कागदाची नजरेला इतकी सवय, की सकाळपासून चारदा समोरून जाऊनही तो तिला दिसला नव्हता.

तिने कागद काढून पर्समध्ये कोंबला. "बुरशीच्या बशा घट्ट बंद आहेत, आजोबा. या." तरी कोणी पुढे येईना. मग पाण्याच्या नळाशी उभ्या असलेल्या लोकांकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, "माझ्या न्हाणीघरात दारामागे काळी बुरशी आहे. चारदा घासली, परत येते. आणखी कोणाकडे आहे?"

घरची घाण चारचौघांत कोण सांगणार? अखेर आजोबाच पुटपुटले, "आमच्या कपाटामागे थोडीशी..."

"थोडीशी? आमची अख्खी भिंत गेली," मागची बाई म्हणाली. "तरी ह्यांना सांगत होते, नुसता रंग देऊन भागायचं नाही."

"झालं! इथेही माझाच उद्धार," तिचा नवरा म्हणाला.

हसू फुटलं आणि लोक पुढे सरकले. मुलगी पाठ केलेलं सगळं विसरली. भिंत बाहेरची की आतली, ओल खालून चढते की वरून उतरते, असं विचारत ती भराभर लिहून घेऊ लागली. आजोबा म्हणाले, डाग पुस्तकांच्या खणामागेच वाढतो, कपड्यांच्या मागे नाही.

"असं का होतं, ते मलाही माहीत नाही," मुलगी म्हणाली. "येऊन बघू का?"

"या की. घर आवरून ठेवतो."

"अहो, आवरू नका!"

दीड वाजता रांग जिन्यापर्यंत गेली. संचालक आले तशी जाऊ ताठ उभी राहिली.

"बाई, तुमच्या रांगेने प्रयोगांच्या दालनाचं दार अडलंय."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी तुमची टेबलं मोठ्या दालनात लावा." मग आवाज उतरवून, "आणि ते... चामड्याच्या बुटांवर पांढरं येतं, ते काय असतं हो?"

"रांगेत उभे राहा, साहेब."

परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, मान माझ्या खांद्यावर. आमचा थांबा आला. मी तिला उठवलं नाही. दोन थांबे पुढे उतरलो आणि चालत मागे आलो.