म्हाळूचा खुबा आणि ताईबाईची पुडी

म्हाळूनं जन्मात दारू हुंगलीसुद्धा नव्हती. तरी दारूनं त्याचं हाड मेलं, असं कवठे येमाईत जो तो म्हणत होता.

म्हणणाऱ्यांच्या बापाचं काय जातं? खुब्याचं हाड ऐन उमेदीत मरतं ते पिण्यापायी, असं कुणीतरी मोबाइलवर वाचलं आणि गावभर केलं. म्हाळू सेहेचाळीस वर्षांचा, कारखान्याच्या गेटवर बारा बारा तास उभा राहणारा सिक्युरिटी. रविवारी विहारात वंदना तोच घ्यायचा, आणि नशा न करण्याचं पाचवं शील आलं की त्याचा आवाज मुद्दाम चढायचा. त्यामुळे तो काखेत कुबड्या घेऊन घरी आला तेव्हा लोकांना बोलायला आयतंच सापडलं. विहारात पाचव्या शीलाला आता पोरं एकमेकांकडे बघून हसतात, हेही त्याच्या कानावर आलं होतं.

"आवं, खरं काय ते सांगून टाका की," बायको, गौतमी, म्हणायची.

"म्हनू दे लोकास्नी," म्हाळू म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. त्याला खरंच बोलायचा कंटाळा आला होता.

खरं काय ते या दोघांनाच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी म्हाळूची पाठ धरली होती. भांडगावात दिलेल्या थोरल्या बहिणीनं, ताईबाईनं, तिकडच्या बाजारात बसणाऱ्या एका औषधवाल्याकडून पुड्या आणून दिल्या. आठ दिवसांत पाठ मोकळी झाली, भूक वाढली, तोंडावर गोलाई आली. मग दर महिन्याला ताईबाई पुड्या धाडू लागली आणि हा खाऊ लागला. डॉक्टरांनी विचारून विचारून ते बाहेर काढलं. पुडीत स्टेरॉइड असणार, म्हणाले, त्यानंच खुब्याच्या हाडाचं रक्त तुटलं. "लवकर आलात म्हणून बरं. खुब्याचा गोळा अजून खचलेला नाही." साध्या एक्स-रेत काही दिसलं नव्हतं, एमआरआयनं दाखवलं. मग पुण्यात हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब मोकळा केला, कमरेच्या हाडातला मगज काढून तिथं भरला. सांधा बदलावा लागला नाही. सहा आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचा नाही, एवढंच. एवढंच म्हणणारा डॉक्टर एकदा खाटेवर पडून बघायला हवा होता.

आई गेली तेव्हा म्हाळू दोन वर्षांचा होता. ताईबाईनं, स्वतः आठ वर्षांची असताना, त्याला कडेवर वागवला. तुझ्याच पुडीनं माझं हाड खाल्लं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा दारुडा म्हणवून घेतलेलं परवडलं.

तिसऱ्या आठवड्यात ताईबाई एसट्या बदलत आली. उशाशी बसली.

"म्हाळू, भांडगावापत्तूर बोलनं आलंय. तू पितूस व्हय रं?"

म्हाळूचा जीव तुटला, पण त्यानं नुसती चादर वर ओढली. तिनं पदर डोळ्यांना लावला, मग त्याच पदराची गाठ सोडून पुड्या काढल्या.

"दुखत आसंल. ह्या आणल्यात. मी बी घेती आता."

एवढं बोलून ती पाणी प्यायला उठली. उठताना चौकट धरली, एक हात जांघेत गेला, आणि उजवा पाय तिनं अर्धाच टेकवला. म्हाळू बघतच राहिला. ही चाल त्याची होती. ऑपरेशनाआधी काही महिने तो असाच चालला होता.

"आक्का, जांघेत दुखतंय?"

"वाईच. वयानं."

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. पुडी घेतली की ऱ्हातंय."

आपण गप्प बसून बहिणीला जपतोय, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. तिचं हाड मात्र तिकडं मरत होतं. त्याला स्वतःची चीड आली.

"दारू न्हाई, आक्का," तो म्हणाला. "पुडी."

मग त्यानं सगळं सांगितलं. संपल्यावर ताईबाईनं पुड्या मुठीत धरल्या आणि चुलीकडे निघाली. म्हाळू उठायला गेला. पाय टेकणार तोच गौतमीनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"जाळू नगं," तो ओरडला. "एकदम सोडली तर जिवावर येतं, मला डॉक्टरनं सांगितलंय. त्यास्नीच दाखवू. तूबी चल. लवकर गेलं तर वाचतंय."

ताईबाई थांबली. पुड्या तिनं परत पदराला बांधल्या, दोन गाठी मारून. मग भिंतीला टेकवलेली त्याची एक कुबडी घेतली आणि काखेत धरून पाहिली.

"ही मला उंच व्हतीया," ती म्हणाली.

"खालचा स्क्रू ढिला केला की बसती," म्हाळू म्हणाला.