पहिल्या ओळीचं भांडण

तर तो आचारी फोनवर ओरडत होता, तिथवर आलो होतो आपण. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला मुख्य आचारी, माणूस लाखमोलाचा, पण सकाळी ताटं निघायच्या वेळी पारा चढलेलाच. कुणाला अळणी, कुणाला बिनसाखरेचं, याच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम आमच्या सूनबाईनं लिहिलेला, हॅस्केल नावाच्या संगणकाच्या भाषेत. चिठ्ठी नाही तर ताट हलत नाही.

"ताई, एकही चिठ्ठी निघेना! वॉर्डात पेशंट उपाशी बसलेत!"

सूनबाईनं चहा तसाच ठेवून कपाळावर हात मारला. आदल्या दुपारी तिनंच त्या प्रोग्रॅमच्या फाइलीच्या डोक्यावर एक ओळ चढवली होती. आचाऱ्याला रोज लांबलचक कमांड टाइप करायचा वैताग; आता नुसतं फाइलीचं नाव दिलं की काम व्हावं. एवढीशी तर ओळ, म्हणून बाईसाहेबांनी चालवून न बघताच लॅपटॉप मिटला.

मी विचारलं, "त्या ओळीनं कुणाचं घोडं मारलं?"

"बाबा, ही फाइल कुणाकडे वाचायला द्यायची, ते ती ओळ मशीनला सांगते. सुरुवात हॅश आणि उद्गारचिन्हानं. पण त्याच फाइलीत जुन्या मशीनसाठी एक मजकूर, नव्यासाठी दुसरा. त्यातला योग्य तो निवडून देणारा एक मदतनीस प्रोग्रॅम असतो, प्रीप्रोसेसर; तो आधी येतो. त्याचे हुकूमही हॅशनंच सुरू होतात, म्हणून तशी ओळ दिसली की त्याला वाटतं, हुकूम आपल्यालाच. हा हुकूम काही कळेना, म्हणून बसला अडून."

"म्हणजे आपले थोरले जावईबापू! हाक कुणालाही मारा, ओ हेच देणार."

ती खुदकन हसली, पण बोटं थांबली नाहीत.

तिकडे आचारी नरमला. "ताई, काढून टाका ती ओळ. मी करीन टाइप, पूर्वीसारखं."

"काका, जरा दम धरा."

तिनं ती सगळी निवडानिवड उचलून वेगळ्या फाइलीत ठेवली आणि प्रीप्रोसेसरला तिकडेच धाडलं. पहिल्या फाइलीत त्याचं कामच उरलं नाही; वरची ओळ निवांत. दोन्ही फाइली तिनं घरूनच इस्पितळाच्या मशीनवर चढवल्या. फोनमधून छपाईची खरखर ऐकू आली, मागोमाग ताटांच्या गाड्यांचा खडखडाट.

मी म्हटलं, "अगं, तो तयार होता ना टाइप करायला? मग एवढा खटाटोप कशाला केलास?"

"बाबा, सकाळी त्यांचे हात कणकेत असतात. माझे कीबोर्डवरच असतात, मग टाइप मीच नको का करायला?"