मामाजींनी सांगितलेली कारणं

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कुरखेड्याजवळच्या एका गावात मी सून म्हणून आले होते आणि बाहेरून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसले होते. लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, एकच अट घातली होती, पोरगी शिकत राहील. मार्चात सकाळी आम्ही सगळे मोहफुलं वेचायला जायचो. दुपारी बाकीचे आडवे होत आणि मी ओसरीत बसून मोठ्याने पाठ करत असे. वाळत घातलेल्या फुलांवर शेळ्या येऊ नयेत म्हणून मामाजी काठी घेऊन अंगणात बसत.

त्या दिवशी मी एकच प्रश्न घोकत होते. युरोपात वारंवार युद्धे का झाली? आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, वसाहती, धर्मभेद. पाचवं हमखास राहून जाई आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

"बाई," मामाजी म्हणाले, "हे कोनं लिवलं?"

"कॉलेजच्या सरांनी."

"ते गेलते का तिकडं?"

"नाही, मामाजी."

"मी गेलतो."

ते दुसऱ्या मोठ्या लढाईत पलटणीत होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर ते कधी बोलले नव्हते. सासूबाईंनाही जहाजाने गेले आणि जहाजाने आले एवढंच ठाऊक. त्या दुपारी ते बोलले. त्यांची पलटण बंदुकवाली नव्हती, रस्ते-पूल बांधणारी होती. आधी आफ्रिका, मग इटली. लढाई पुढे सरकली की मागून हे जायचे, गिट्टी टाकायचे आणि रस्त्याच्या कडेला पडलेली माणसं पुरायचे. लढाई संपल्यावर त्यांना पार वरच्या टोकाला, डोंगराजवळच्या एका गावात एका तुटलेल्या पुलाच्या कामावर लावलं. पुलाला लागून एका म्हातारीचं घर होतं.

"उनाचे दिवस होते. मी तिच्या दारात जाऊन पानी मांगतलं. ओंजळ धरली, आपल्याकडं धरावी लागे तशी. तिनं माह्याकडं पाह्यलं, घरात गेली, अन् गिलास आनून माह्या हातात देल्ला. तिच्याच घरातला गिलास. चोवीस वर्साचा होतो मी. आपल्या गावात तवा विहिरीले हात लावू देत नवते."

आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी.

मग ते रोज जाऊ लागले. भाषा तोडकीमोडकी, बाकी हातवारे. एकदा म्हातारीने दोन फोटो दाखवले. एक नवऱ्याचा, एक थोरल्या पोराचा. दोघांच्या अंगावर पलटणीचा पोशाख, पण पोशाख वेगळे. तिचं माहेर नदीच्या पलीकडे. पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी अलीकडे एका बादशहाचं राज्य होतं, पलीकडे दुसऱ्या राजाचं. तिचा नवरा इकडून लढला, सख्खा भाऊ तिकडून. नवरा मेला, हद्द सरकली, आणि तिचं गाव भावाच्या राजाकडे गेलं. वीस वर्षांनी त्याच राजासाठी तिचा थोरला पोरगा मेला.

"घर तेच, दार तेच," मामाजी म्हणाले. "राजा बदलला."

"मग इतक्या लढाया काऊन झाल्या, मामाजी?"

"मले पुरं नाई समजलं. दिसलं तेवढं सांगतो. लहान लहान राज्यं, एकमेकाले लागून, अन् सारेच सारख्या जोराचे. कोनी एक सगळ्यायले दाबू शके नाई, अन् थांबे बी नाई. यानं कुऱ्हाड पाजवली का त्याले भेव वाटे, मंग तोबी पाजवे. अन् लढल्याबिगर राजाचं नाव होत नवतं. मरे ते दुसरेच."

शेळी फुलांपाशी आली होती. त्यांनी काठी उचलली नाही.

"ज्या मुलखात मले मानसावानी पानी भेटलं, त्याच मुलखात दर पिढीले मानसं कापली. हे दोनी एका जागी कसं रायते, हे मले अजून उमजलं नाई. लिवजो पेपरात."

परीक्षेत तो प्रश्न आला. मी पाच कारणं लिहिली, एकही राहिलं नाही. वेळ उरला होता. पेन टेकवलं आणि वाटलं, तपासणारे सर हसतील. सासऱ्याचं म्हणणं कोणी उत्तरात लिहितं का? मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. बस गावाच्या फाट्यावर आली तेव्हा मामाजी तिथे उभे होते.

"लिवलं का?"

"लिहिलं, मामाजी."

ते इतके खूश झाले की दोन घरी जाऊन सांगून आले. मी पास झाले. पुढे मला आश्रमशाळेत नोकरी लागली, इतिहासच शिकवायला. पण ते खोटं माझ्या मनातून गेलं नाही.

तीनेक वर्षांनी, धानाची मळणी आटोपल्यावर, ते खाटेला लागले. एका सकाळी त्यांना पेज भरवताना मी सांगून टाकलं, की पेपरात त्यांचं काहीच लिहिलं नव्हतं.

त्यांनी तोंडातली पेज गिळली. मग म्हणाले, "मीबी तिले खोटं सांगतलं होतं."

"कोणाला?"

"त्या म्हातारीले. तिचा लहाना पोरगा आफ्रिकेत लढायले गेलता, त्याचा पता नवता. इंग्रजानं धरलेले तिकडचे लोक आफ्रिकेत मी पाह्यलते, हजारानं. तिनं फोटो दाखवला, हा दिसला का म्हने. मी म्हनलो, दिसला. चांगला हाये, येऊन राह्यला. तिनं माहे दोनी हात धरले. तिसऱ्या दिवशी आमाले तिथून हलवलं."

मी वाटी खाली ठेवली. ते छताकडे बघत होते.

"आला असन का तो, बाई?"

चाळीस वर्षं उलटून गेली होती.

"आला असेल, मामाजी," मी म्हटलं.