सुमनताईची पाच रुपयांची बोली

मी आयुष्यात एकाच बाईवर जळले. ती आज पहाटे गेली.

सुमनताई. नगरजवळ भिंगारला, क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिचा नवरा आणि माझा नवरा मिलिटरीच्या एकाच डेपोत सिव्हिलियन स्टाफ. पगार सारखा, घरं सारखी.
म्हणून तर जास्त जळायचे.

डेपोतला कंडम माल अधूनमधून लिलावात निघायचा. कपाटं, खुर्च्या, कॉट, पंखे. भंगारवाले टेम्पो घेऊन यायचे, ओरडून बोली लावायचे. बाई एकही नसायची.

एकदा सुमनताई गेली आणि आरशाचं सागवानी कपाट घेऊन आली. साध्या लोखंडी कॉटच्या किमतीत!

अख्खी लाईन बघायला गेली. मीही गेले.
"जुनंच आहे की," म्हणाले.
घरी येऊन मात्र घास उतरला नाही.

वर आमचे हे म्हणतात, "डोकं लागतं त्याला."

पुढच्या लिलावाला मीही गेले. पहिली बोली माझी, आवाजही माझाच मोठा. भंगारवाल्यांनी ओळखलं, बाई हट्टाला पेटलीय. मला चढवत चढवत नेलं. मी मोटर नसलेला कूलर घेऊन घरी आले.

सुमनताईची रीत वेगळी.

आदल्या दिवशी माल बघायला ठेवायचे, तेव्हा ती जाऊन खण ओढून बघायची, लाकूड ठोकून बघायची. लिलावाच्या दिवशी मात्र तोंड बंद. भंगारवाले आपसात भिडायचे, त्यांचे टेम्पो भरायचे, पोटात भूक लागायची. तेव्हा ही पदर सावरून म्हणायची,
"साहेब, पाच रुपये वर."

लोक हसायचे. कोणी बोली वाढवली की हिचं पुन्हा तेच. पाच वर.
पाच-पाच रुपयांसाठी उन्हात कोण उभं राहणार? वैतागून सोडून द्यायचे.

मी हे सगळं डोळ्यांनी बघायचे. पण मला गप्प बसणंच जमायचं नाही.

आता खरं लिहिते.

सुमनताईचं घर बौद्ध. मी जामखेडकडच्या बारा एकरवाल्यांची लेक. तिच्या घरात माझ्यापेक्षा चांगलं कपाट असावं, हेच मला सहन होत नव्हतं. तेव्हा हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. "काहीतरी सेटिंग असणार," एवढंच चार जणींत म्हणत राहिले.

मग शिलाई मशीन निघाली. पायाची, एकदम भक्कम. सुमनताईने आदल्या दिवशी ती तासभर बघितली, हे अख्ख्या लाईनला माहीत होतं.

मला साधं बटण लावता येत नव्हतं.
तरी मी गेले.

"पाच रुपये वर," सुमनताई म्हणाली.
"दहा वर," मी म्हणाले.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. भंगारवाले आता आमची मजा बघत होते. शेवटी तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गप्प झाली.

मशीन माझी झाली. नगरच्या बाजारात तेवढ्यात नवी आली असती. दिवाळीला बांगडी करायची म्हणून साठवलेले पैसे गेले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सुमनताई दारात. मला वाटलं, भांडायला आली.
हातात तेलाची छोटी बाटली.

"लई दिवस पडून हुती ती. तेल घातल्याबिगर चालवू नको."

मी म्हणाले, "तू सोडलीस का?"

"मी घरूनच आकडा ठरवून येते. त्याच्यापुढं गेलं, की ती वस्तू आपली न्हाई." मग म्हणाली, "नंदा, तू मशीन बघतच नव्हतीस. मलाच बघत हुतीस."

मशीन तिला स्वतःसाठी नको होती. केडगावच्या नणंदेसाठी हवी होती. नणंदेचा नवरा नुकताच वारला होता.

हे ऐकल्यावर तरी मी मशीन द्यायला हवी होती.
नाही दिली.

चहा केला. तो तिला वेगळ्या ठेवलेल्या ग्लासात दिला. आम्ही घेतला कपात.

तिने चहा संपवला. मशीनला तेल कुठे घालायचं ते दाखवलं. ग्लास मोरीत नेऊन स्वतः धुतला. आमच्या कपांपासून लांब, खिडकीत पालथा घातला आणि गेली.

महिन्याभरात नणंदेला मशीन मिळाली. दुसऱ्या एका डेपोचा माल उचललेल्या भंगारवाल्याकडून, माझ्या निम्म्या किमतीत.
मी पुन्हा जळले.

पुढे तिच्या नवऱ्याने केडगावला घर बांधलं. वास्तूला बोलावलं, तेव्हा मी कारण सांगून टाळलं. गेले ती कितीतरी वर्षांनी, हे गेल्यावर. एकटेपणा आला की माणूस जुनी दारं शोधतो.

बसल्या बसल्या तोंडातून निघून गेलं, "ताई, तो ग्लास..."

"कळत हुतं गं."

"मग चहा घेतलास कशाला?"

"तुला मशीन येत न्हाई, सुई बोटात घुसंल म्हनून आले हुते. उठून गेले असते, तर तेल कुठं घालायचं ते कोन दाखवनार हुतं?"

"माफ केलंस ना?"

"केलं. पन त्याला लई वर्षं लागली."

मग तिने चहा टाकला. तिच्या घरचा मी घेतलेला पहिला चहा.

आज केडगावला गेले होते. गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. नणंदेने शिवण शिकवलेल्या पोरी आल्या होत्या. दोन म्हातारे भंगारवालेसुद्धा हात जोडून उभे होते.
आपल्या वेळेला एवढी माणसं येतील का, असं मनात आलं.
म्हणजे तिथेही जळलेच.

सुमनताई, रोज सकाळी नळावर तू मला 'जयभीम' म्हणायचीस. मी नुसती मान हलवून घागर उचलायचे.

आज सगळ्यांसमोर म्हणते.
जयभीम, ताई. शांत झोप.