नांदेडहून आणलेले दगड

घटस्थापनेआधी घरातली प्रत्येक वस्तू धुऊन निघालीच पाहिजे, हा चाकूरकडच्या चांगुणाबाईंचा दंडक. लातुरात सुनेकडे राहायला आल्यावरही तो सुटला नव्हता. औषधांच्या दुकानातून दुपारी परतलेल्या वर्षाराणीला गच्चीत वाकळांशेजारी पांढरे दगड आणि स्पंज वाळत घातलेले दिसले, आणि ती तशीच खाली धावली.

खाऱ्या पाण्याच्या टाकीतले दोन्ही नारिंगी मासे वर येऊन तोंड उघडत होते.

"आत्या, टाकीखालच्या पेटीतले दगड कधी धुतले?"

"कालच. लई बुळबुळीत झालते. नळाखाली घासून उन्हात घातले."

वर्षाराणीने तपासनळीत टाकीतले पाणी घेऊन अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते, हिरवे झाले. स्पंज नुसता कचरा अडवतो, फेस काढणारे यंत्र पाण्यातला चिकट मळ उचलते. पण माशांच्या विष्ठेतून सुटणारा विषारी अमोनिया संपवतात ते त्या सच्छिद्र दगडांवर वसलेले जिवाणू. ती बुळबुळ म्हणजे त्यांची वस्ती. नळाच्या क्लोरीनने आणि उन्हाने ती नाहीशी झाली होती. हे तिने सासूला शांतपणे सांगितले.

"म्हंजे म्या विरजणाचं गाडगं घासून ठिवलं म्हन की."

"तसंच, आत्या."

मीठ कालवून ठेवलेल्या पाण्याचा एकच कॅन शिल्लक होता. तेवढे पाणी बदलले, तरी उद्याच्या पलीकडे मासे तगणार नव्हते. नांदेडला असेच मासे पाळणारे प्राध्यापक आदिनाथ आपल्या टाकीतले जिवाणू वसलेले दगड द्यायला फोनवर तयार झाले. त्यांना मात्र परीक्षा सोडून निघता येत नव्हते. नवरा पुण्याला, आणि वर्षाराणीला टाकीपासून हलता येईना.

"म्या जाते," चांगुणाबाई म्हणाल्या.

"एकट्या?"

"बादलीच आणायची ना? जन्मभर दुसरं काय वाहिलं?"

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या गाडीने गेल्या. नांदेडच्या स्थानकावर बादली हाती देताना आदिनाथांनी बजावले, "दगड उघडे पडू देऊ नका. आणि दुसरं पाणी थेंबभरही नको."

परतीला कंडक्टरने विचारले, "बादलीत काय हाय, मावशी?"

"दगडं."

"पाण्यात?"

"जित्ती हायेत."

"मंग त्यांचंबी तिकीट काढा की."

लोह्याच्या पुढे गाडीने करकचून ब्रेक मारला. बादली कलंडली, निम्मे पाणी पायांवर सांडले, वरचे दोन दगड उघडे पडले. शेजारणीने बाटली उघडून पुढे केली. चांगुणाबाईंनी तिचा हात अडवला. लुगड्याचा सांडलेल्या खाऱ्या पाण्यात भिजलेला काठ त्यांनी दगडांवर ओढला आणि उरलेले पाणी दगडांवर राहील अशी बादली तिरपी धरून बसल्या. अहमदपूर गेले, चाकूर गेले. ओळखीच्या कोणी हाक मारली तरी त्यांनी मान वळवली नाही.

दगड पेटीत गेले तेव्हा लहान मासा एका कुशीवर कलला होता. सासू-सुना टाकीसमोर बसून राहिल्या. रात्री नळीतला हिरवा रंग फिकटला. सकाळी तो जेमतेम पिवळ्याकडे झुकला. वर्षाराणीने चिमटीभर खाद्य टाकले. मोठा मासा झेपावला. लहान तळाशीच राहिला.

चांगुणाबाई काचेजवळ सरकल्या. बुडत आलेला एक कण त्याच्यासमोरून गेला, आणि त्याने तो टिपला.